स्टेशनामागचं गाव (भाग ७) : 'डोंबिवली फास्ट'मध्ये डोंबिवली किती?

मागच्या आठवड्यात आपण ठाण्यात गडकरी रंगायतनच्या आवारात जरा जास्तच रेंगाळलो. आज पुढची गाडी पकडू. डोंबिवलीत उतरण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो : सिनेमा-नाटकांत आणि विनोदांत या गावाचं नाव जितक्या वेळा कानावर पडतं, तितकं ते गाव डोळ्यांना दिसत नाही.

निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) घ्या. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे बँकेत नोकरीला. उठणं, डबा, गाडी, बँक, परत गाडी, झोप. सिनेमा सुरुवातीलाच हे रहाटगाडगं इतक्या वेळा फिरवतो की प्रेक्षकाचीच दमछाक व्हावी. मग एक दिवस छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारापाशी आपटेचं डोकं फिरतं आणि हातात क्रिकेटची बॅट येते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला, आणि चिडलेल्या मध्यमवर्गीयाला 'माधव आपटे' म्हणायची सोय झाली. पण आपटे चिडतो कुठे, भांडतो कुठे? बहुतेक मुंबईत. डोंबिवली आहे ती त्याच्या झोपेपुरती. सिनेमाला नाव मिळालंय ते गावाचं नव्हे, गाडीचं.

आता ही गाडी काय आहे, ते लोकलने न जाणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर. स्लो गाडी प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाते. फास्ट गाडी ठाणे, घाटकोपर, दादर अशी मोजकी स्टेशनं घेते. वाचणारी मिनिटं थोडीच, पण त्या मिनिटांसाठी माणूस दाराच्या दांडीला लटकतो. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, आणि मुंबईत ब्लॉक घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा मराठी नोकरदारानं हा रोजचा प्रवास पत्करून डोंबिवलीत स्वतःच्या नावाचं दार घेतलं. म्हणून लेखकानं 'आपटे, डोंबिवली' एवढं लिहिलं की पगार, कर्जाचा हप्ता आणि डब्यातली भाजी वेगळी सांगावी लागत नाही.

या सिनेमाची तुलना १९९३च्या 'फॉलिंग डाऊन' या अमेरिकी चित्रपटाशी नेहमी होते, आणि ती वावगी नाही. तिथला मायकल डग्लस लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि गाडी रस्त्यातच सोडून चालू लागतो. आमच्या आपटेकडे सोडायला गाडी कुठली? त्याच्याकडे फार तर लोकलमधल्या तिघांच्या बाकावरची चौथी सीट. मला मात्र कामत यांनीच २००७मध्ये माधवनला घेऊन केलेला तमिळ अवतार जास्त बोलका वाटतो. कथा चेन्नईत गेल्यावर डोंबिवली हे नाव तिथं कुणाला काय सांगणार? सिनेमाचं नाव झालं 'एवनो ओरुवन', म्हणजे 'कुणीतरी एकजण'. डोंबिवलीचं इतकं नेमकं भाषांतर मी दुसरं वाचलेलं नाही.

या शहराचा सर्वांत ठाऊक असलेला मुलगाही लोकलमधूनच पुढे आला. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. लहानपणी क्रिकेटसाठी मुंबई गाठायची ती किटबॅग सांभाळत, लोकलनंच. ज्यानं त्या गर्दीत ती बॅग चढवली-उतरवली असेल, त्याच्या २०२०च्या डिसेंबरमधल्या मेलबर्नच्या ११२ धावांतल्या संयमाचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पडद्यावरची गोष्ट खऱ्या अर्थानं गावात उतरली ती आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'त (२०२२). अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. एकीकडे चकचकीत सोसायटी, पलीकडे पाण्यासाठी भांडणारी वस्ती, आणि मधे झोंबी. नाव चावट शब्दखेळ वाटतं खरं, पण सिनेमातला पाण्याचा धागा हवेतून आलेला नाही. डोंबिवलीला एमआयडीसी आहे, रासायनिक कारखाने आहेत. २०१४च्या जानेवारीत इथं हिरवट पाऊस पडल्याची बातमी झाली. २०२०च्या फेब्रुवारीत एक रस्ता चक्क गुलाबी झाला आणि तो पाहायला मुख्यमंत्र्यांना यावं लागलं. २०१६च्या मे महिन्यात कारखान्यातल्या स्फोटानं माणसं मेली, २०२४च्या मे महिन्यात पुन्हा तेच झालं. ज्या गावात रस्ता गुलाबी होतो, तिथं भयपट लिहिणाऱ्याला कल्पनाशक्ती फार ताणावी लागत नाही. सतरा वर्षांत डोंबिवलीकराची पडद्यावरची धास्ती गाडीवरून नळावर आली, ती अशी.

लेखकांनी हे गाव आधीच आतून पाहिलं होतं. पु. भा. भावे इथं राहिले. शं. ना. नवरे तर डोंबिवलीचेच. जिन्यावरचं बोलणं आणि न बोललेलं दोन्ही त्यांच्या कथांत सापडतं. २०१७चं नव्वदावं साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं.

आणि डोंबिवलीचा फडके रोड? दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे गणपतीचं दर्शन घेऊन तरुण मंडळी तिथं जमतात, ती मुख्यतः एकमेकांना बघायला. नवा झब्बा, नवी साडी, शाळेतले हरवलेले मित्र, आणि कुणीतरी येईल म्हणून उगाच तीनदा मारलेली चक्कर. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्राही इथूनच सुरू झाली आणि मग ठाणे, गिरगाव करत राज्यभर पसरली. टीव्हीवर पाडव्याला फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुली दिसतात, त्या प्रथेचं मूळ गाव हे. मुंबईकडून सगळं घेणाऱ्या डोंबिवलीनं मुंबईला दिलेली ही वस्तू बहुतेक मुंबईकरांना ठाऊक नसते. ते ती गिरगावची समजतात.

फडके रोडवर त्या पहाटे कुणालाच गाडी पकडायची नसते. आपल्याला मात्र आहे. पुढचा भाग : कल्याण.