पडद्यावरचं मैदान (भाग ६): ‘विम्बल्डन’वरचा चुकलेला आक्षेप

रिचर्ड लॉनक्रेन यांचा ‘विम्बल्डन’ सप्टेंबर २००४ मध्ये आला. रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी तीन तारे दिले. इतर अनेक समीक्षकांनी मात्र, चित्रपट गोड आहे पण पुढे काय होणार ते सुरुवातीलाच कळतं, अशी तक्रार केली. ‘नॉटिंग हिल’ काढणाऱ्या वर्किंग टायटल या निर्मितीसंस्थेचाच हा चित्रपट, त्यामुळे नायक पॉल बेटनीची ‘नॉटिंग हिल’च्या ह्यू ग्रँटशी तुलनाही झाली.

गोष्ट साधी आहे. पीटर कोल्ट (बेटनी) हा एके काळी जगात ११ वा असलेला ब्रिटिश खेळाडू आता ११९ व्या क्रमांकावर घसरलाय. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, तो शेवटचं विम्बल्डन खेळायला उतरतो, लिझी ब्रॅडबरी (कर्स्टन डन्स्ट) या उगवत्या अमेरिकन खेळाडूच्या प्रेमात पडतो आणि जिंकत सुटतो.

असं कुठे घडतं का, हा प्रश्न टेनिस पाहणाऱ्याला पडायचं कारण नाही. २००१ मध्ये जागतिक क्रमवारीत १२५ वा असलेला गोरान इव्हानिसेविच विम्बल्डनमध्ये वाइल्ड कार्डवरच आला आणि विजेता झाला. पावसामुळे तीन दिवस चाललेल्या उपांत्य सामन्यात त्याने ज्याला हरवलं, तो टिम हेनमन ब्रिटनची आशा होता. १९३६ चा विजेता फ्रेड पेरी याच्यानंतर एकेरीत ब्रिटिश पुरुषांची पाटी कोरीच होती. अँडी मरे जिंकायला २०१३ उजाडलं. चित्रपट आला त्या वर्षी ब्रिटिश प्रेक्षकासाठी पीटरचा विजय म्हणजे अडुसष्ट वर्षांची भूक भागणं होतं. निव्वळ ‘अपेक्षित शेवट’ म्हणून तो निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय खेळ दाखवण्यात या चित्रपटाने खरी मेहनत घेतली आहे. १९८७ चा विम्बल्डन विजेता पॅट कॅश याने कलाकारांना तयार केलं. चेंडू बऱ्याच ठिकाणी नंतर संगणकावर घातलेला आहे, तरी तो खोटा वाटत नाही. सर्वांत चांगली आहे ती पीटरच्या मनातली बडबड. सर्व्हिसआधी तो चेंडू आपटत असतो, गलका मागे पडतो आणि त्याच्या डोक्यातली भीती, हिशेब, स्वतःला दिलेला दम हे सगळं आपल्याला ऐकू येतं. क्लब पातळीवर का होईना, ज्याने कधी दुसरी सर्व्हिस घाबरत टाकली आहे, त्याला ही दृश्यं पटतील. बेटनीचं कौतुक झालं ते रास्तच.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि काही समीक्षकांनी तीही नोंदवली होती. लिझी दोघांत वरचढ खेळाडू, पण तिचे सामने भराभर उरकले जातात. ती उपांत्य फेरीत हरते आणि तिथून तिचं काम उरतं ते पीटरला बळ देण्याचं. तिने पुढे मोठी विजेतेपदं मिळवली हे शेवटी पीटरच्याच निवेदनातून, जाता जाता कळतं. चित्रपट आला त्याच वर्षी जुलैमध्ये सतरा वर्षांच्या मारिया शारापोव्हाने खऱ्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला हरवलं होतं. स्त्रियांच्या टेनिसमध्ये केवढं नाट्य असतं हे जगाने नुकतंच पाहिलेलं असताना, पटकथेने नायिकेच्या हातून रॅकेट काढून घेतली. या चित्रपटाचा खरा दोष हा आहे.

पुढच्या आठवड्यात टेनिसपटू बिली जीन किंग यांच्यावरचा २०१७ चा ‘बॅटल ऑफ द सेक्सेस’ घेऊ. जमल्यास तोवर पाहून ठेवा.