पाटीवरची पदवी आणि नोंदणीचा कागद

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या बाजारगावी रात्री दहाला पोराला ताप चढला, तर आई-बाप ज्या दवाखान्याची कडी वाजवतात तिथला डॉक्टर बहुधा एमबीबीएस नसतो. बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो. तो दार उघडतो, वेळेला उधार ठेवतो, आणि औषध पुष्कळदा ॲलोपॅथीचं देतो. हे गावाला माहीत आहे, सरकारलाही माहीत आहे; समोरच्या मेडिकलवाल्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत असतं. २०२५ साली हाच व्यवहार कायद्यात बसवण्यावरून डॉक्टर रस्त्यावर उतरले.

वादाचं मूळ २०१४ मधलं. त्या वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला: होमिओपॅथीच्या डॉक्टरने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केला तर त्याला ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देता यावीत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला. इंडियन मेडिकल असोसिएशन उच्च न्यायालयात गेली. वर्षं लोटली. मग ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने या डॉक्टरांची नोंदणी १५ जुलैपासून करण्याची सूचना काढली. ॲलोपॅथीवाल्यांनी संपाचा इशारा देताच जुलैतच तिला स्थगिती मिळाली. सप्टेंबरात सरकारने नोंदणीचा आदेश पुन्हा दिला आणि १८ सप्टेंबरला राज्यातल्या डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला.

संपकऱ्यांच्या हातात एक जुना निकाल आहे आणि तो हलका नाही. मुंबईतल्या एका होमिओपॅथ डॉक्टरने रुग्णाला आधी व्हायरल ताप, मग टायफॉईड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं, की ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा. विधवेला तीन लाखांची भरपाई मिळाली. सीसीएमपीवाले म्हणतात, म्हणूनच तर आम्ही शिकलो. उत्तर बिनतोड वाटतं, पण साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप एका वर्षात मावते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

माझ्या मते भांडण पॅथीचं कमी आणि टंचाईचं जास्त आहे. आपल्याकडे डॉक्टरकीचा परवाना नेहमीच टंचाईच्या मागून चालत आला. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने आधुनिक डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांचं रजिस्टर आलं आणि त्यासोबत, पदवी नसूनही आधीपासून धंदा करणाऱ्यांची वेगळी यादीही. भोर समितीने १९४६ मध्ये मोजदाद दिली, तेव्हा देशातल्या ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० जण पदवीधर नव्हतेच. कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले लायसेन्शिएट होते. खेडी त्यांच्याच भरवशावर. समितीच्या बहुमताने हा वर्ग बंद करून एकच पदवीधर डॉक्टर घडवायचं ठरवलं. आदर्श चांगला होता. पण तो पदवीधर तालुक्याच्या पुढे गेला नाही, आणि रिकाम्या जागी आयुर्वेद-होमिओपॅथीवाले बसले. आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी राज्याने १९९२ मध्ये औषध नियमांखाली आदेशही काढला.

खानदेशापुरतं बोलायचं तर कॉलेज नाही ही सबब आता उरलेली नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय तीन दशकांहून जुनं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. शिवाय धुळे आणि जळगाव दोन्हीकडे खासगी महाविद्यालयं. शासकीय जागेवर शिकलेल्याला वर्षभर बंधपत्रित सेवा करावी लागते, नाहीतर दंड. पुष्कळांचा जीव मात्र त्या वर्षात पीजीच्या तयारीत असतो. त्यांनाही दोष देववत नाही. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. निकषाने इमारत उभी राहते, मुक्कामी डॉक्टर नाही.

मधला रस्ता सरकारने एकदा काढलाय. उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेला असतो, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करतो आणि नेमून दिलेलंच काम करतो: रक्तदाब, मधुमेहाची तपासणी, साधे आजार, पुढे पाठवणं. त्याच्यामागे प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर उभा असतो. खासगी दवाखान्यातल्या सीसीएमपी डॉक्टरच्या मागे कोण? चूक झाली तर होमिओपॅथी परिषद विचारणार की वैद्यकीय परिषद? त्याच्या औषधांची यादी रुग्णाला दिसेल कुठे? स्वतंत्र रजिस्टर ठेवलं म्हणजे कागद नीट झाला. पाटीवर काय लिहायचं आणि काय नाही, हे त्याहून महत्त्वाचं, आणि त्यावर दोन्ही बाजू फारशा बोलत नाहीत.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनाही पाच वर्षांनी ३० क्रेडिट तास दाखवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. हा नियम सगळ्या पॅथींना, सारख्याच कडकपणे हवा.

कोर्टाचा निकाल येईल तेव्हा येईल. तोवर दवाखान्यात गेलात की भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचा: परिषद कोणती, नूतनीकरण कधीचं. दिसलं नाही तर मागा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर लिहून द्यायला सांगा. आणि विचारल्याशिवाय सलाईन लावून घेऊ नका.