ओल घालवा, ऊब येईल

महाबळेश्वर उंच डोंगरावर आहे. तेथे पाऊस फार. वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून जास्त पडतो! पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन दिसत नाही. धुके थेट घरात शिरते. भिंतींना ओल येते. अंथरूण दमट लागते. चपलांवर बुरशी चढते. मग घरातले म्हातारे माणूस म्हणते, "लई गारठा पडलाय. शेगडी आणा रे आत!"

पण जरा थांबा. हा गारठा सगळा हवेचा नसतो. पुष्कळसा ओलीचा असतो.

तो कसा, ते पाहा. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. बाहेर आलेले पाणी सुकते. सुकताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. ओली भिंतही तसेच करते. ती सुकताना खोलीतली उष्णता घेते. दमट गोधडी आपल्या अंगातली उष्णता ओढते. कोरडी गोधडी मात्र ऊब धरून ठेवते.

आता ओल काढणारे यंत्र मिळते. त्याला डीह्युमिडिफायर म्हणतात. ते विजेवर चालते. त्यातला पंखा खोलीतली दमट हवा आत ओढतो. आत गार नळ्या असतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना? तसेच या नळ्यांवर पाणी जमते आणि खालच्या भांड्यात पडते.

गंमत पुढेच आहे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. वाफेचे पुन्हा पाणी झाले, की ती उष्णता परत मिळते. यंत्राला लागलेल्या विजेचीही उष्णताच होते. म्हणून यंत्रातून येणारी हवा कोरडी आणि थोडी कोमट असते.

यंत्र चालू असताना दारे-खिडक्या लावून घ्या. नाहीतर बाहेरचे धुके आत येतच राहील आणि विजेचे बिल फुकट वाढेल. यंत्रावर ओलाव्याचा आकडा असतो. तो 50 ते 60 ठेवा. भांड्यातले पाणी पिऊ नका.

यंत्र नसले तर? तरी पुष्कळ करता येते. आणि यंत्र असले तरी हे आधी करावेच लागते. पावसाआधी कौले शाकारून घ्या. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर काढा. भांड्यावर झाकण ठेवून शिजवा. 1 किलो गॅस जळला, की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा. ऊन पडले, की आधी अंथरुणे बाहेर काढा.

आता शेगडीचे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही निजू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. तो दिसत नाही. त्याला वास येत नाही. निजलेले माणूस झोपेतच दगावते. यंत्रासाठी दारे लावली असतील, तर त्या खोलीत शेगडी मुळीच नको.

आधी पाणी अडवा. मग ओल काढा. अंथरूण कोरडे ठेवा. इतके केले, तर पुष्कळ घरांत शेगडी आत आणावीच लागणार नाही.