चट्टा त्वचेवर, साचा मनात

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंच्या दंडावर फिकट चट्टा दिसतो. तो 'महारोगा'चा असल्याची कुजबुज आळीत सुरू झाली असून, "घरात तान्हे मूल आहे, बाईंना कामावरून काढावे काय?" असे त्यांनी विचारले आहे. आईची काळजी मी समजू शकतो. परंतु या प्रश्नात निदानही झाले आहे आणि शिक्षाही ठरली आहे. तपासणी तेवढी राहिली आहे!

अंगावरचा प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. शिबे असू शकते, गजकर्ण असू शकते, कोडही असू शकते. कोडाचा तर कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. त्वचेतील रंगद्रव्य नाहीसे झाल्याने ते उमटते आणि एकाचे दुसऱ्याला कधीच लागत नाही. पण 'श्वेतकुष्ठ' या एका नावापायी कितीतरी मुलींच्या जमलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत. कुष्ठरोगाच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर बहुधा स्पर्श समजत नाही. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षिला जातो. काहींना बधिरपणा नसतो. त्वचा तेलकट चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात. तेव्हा घरच्या घरी निष्कर्ष न काढता डॉक्टरांना दाखवावे. भगिनींनी बाईंना काढू नये, सरकारी दवाखान्यात घेऊन जावे.

आणि समजा, निघालाच कुष्ठरोग, तर? नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचे जंतू शोधून काढले. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासात, नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून तो पसरतो. हातात हात दिल्याने किंवा एका पंगतीला बसल्याने नव्हे. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. औषध सुरू होताच रुग्णापासून इतरांना होणारा धोका लवकरच संपतो, आणि सहवासातील निरोगी मंडळींनाही आता प्रतिबंधक म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली जाते.

इतके असूनही भीती का जात नाही? 'कुष्ठरोगी' म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे काय येते, ते आठवून पाहा. देवळाच्या पायरीवर बसलेला, बोटे झडलेला भिकारी. मनाने एक साचा करून ठेवला आहे. वेळेवर गोळ्या घेऊन बरा झालेला कारकून एस.टी.त तुमच्या शेजारी बसतो, पण त्याच्या अंगावर काहीच दिसत नसल्याने तो आपल्या हिशेबात धरला जात नाही. उशीर झालेले तेवढे नजरेत भरतात आणि साचा पक्का होत जातो.

बोटे झडतात हाही गैरसमजच. जंतू मज्जातंतूंना इजा करतात, हातापायांची संवेदना जाते. मग तव्याचा चटका बसलेला कळत नाही, पायात काच गेलेली कळत नाही. जखम चिघळते आणि हाडे हळूहळू झिजून बोट आखूड होते. हे सारे वेळीच उपचार न झाल्याने घडते. उशीर का होतो, तर लोक काय म्हणतील म्हणून! माझ्याकडे येणारे काही रुग्ण गावातला दवाखाना टाळून दोन तालुके ओलांडून येतात, तोवर करंगळी वाकडी झालेली असते. ती वाकडी करंगळी पाहून गाव म्हणते, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

कायदाही यातून सुटला नव्हता. निर्धन कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत असे. ती तरतूद २०१९ साली गेली. औषध मात्र कितीतरी आधी आले होते: जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ सालीच केली होती.

वरोऱ्याला आनंदवन उभारणारे बाबा आमटे स्वतः सांगत की, पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या रुग्णाला पाहून ते प्रथम घाबरून पळाले होते. ज्यांना भीती वाटते त्यांना मी म्हणूनच दोष देत नाही. बाबा मात्र माघारी फिरले आणि त्यांनी त्या रुग्णाची शुश्रूषा केली.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये, दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशपातळीवर गाठले. त्यामुळे रोग संपलाच अशी समजूत झाली. प्रत्यक्षात जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून आपल्याच देशात सापडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांची पाकिटे मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. त्यातील क्लोफाझिमिनने त्वचा काळपट पडते. शेजारी टक लावून पाहू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी अनेकजण गोळ्या सोडून देतात. त्या सोडू नयेत. औषध पूर्ण झाल्यावर काही महिन्यांत हा काळेपणा ओसरू लागतो. लघवी लालसर झाली तरी घाबरू नये, तो रिफॅम्पिसिनचा रंग असतो.