बावळियाच्या मुळावर उठलेली माणसं

जोधपूरच्या मेहरानगडावर गेलेला माणूस तोफा, पालख्या, झरोके बघतो, खालच्या निळ्या घरांचे फोटो काढतो आणि उतरतो. किल्ल्याला खेटून असलेल्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्ककडे फार थोडे वळतात. सुमारे ७० हेक्टरांचं हे खडकाळ रान सुधारायला किल्ल्याच्या ट्रस्टने २००६ मध्ये बोलावलं ते प्रदीप क्रिशन यांना. मूळचे सिनेमावाले! ‘मॅसी साहब’चे दिग्दर्शक. झाडं शिकले ती रानोमाळ भटकून.

रानात ठाण मांडून बसला होता बावळिया, म्हणजे आपली वेडी बाभूळ. १९३०च्या दशकात महाराजा उमेदसिंहांनी तिचं बी विमानातून उधळलं, असं जोधपुरात सांगतात. वरून तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. उपटावी, तर मुळं ज्वालामुखीच्या खडकात घुसलेली. सुरुंग लावावा, तर डोक्यावर पंधराव्या शतकातला किल्ला.

कामाला आले खंडवालिये. जोधपूरच्या वालुकाश्माच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसं. हातोडीने खडकावर ठोकायचं आणि कान द्यायचा. खडक कुठे अखंड आहे, कुठे भेगाळलाय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मग तिथे छिन्नी लावून मुळापर्यंत खोदत जायचं. कोणत्याही पदवीत न शिकवली जाणारी ही विद्या. मला तर या बागेचे निम्मे शिल्पकार तेच वाटतात.

खरी गंमत पुढे आहे. बावळिया निघाला की मागे खड्डा उरायचा. त्यातच माती भरून थोर, कुमट, गुग्गुळ अशी थरच्या खडकांत रुजणारी देशी झाडं लावली. एरवी लँडस्केपच्या धंद्यात आधी नकाशा निघतो, मग खड्डे पडतात. इथे खडकाला भेगा कुठे आहेत, याचा नकाशा शत्रूनेच काढून ठेवला होता! हिरवळ नाही, कारंजी नाहीत, गुलाबाचे ताटवे नाहीत. आपल्याकडे माळ दिसला की गिरिपुष्प लावत सुटणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

बाग २०११ मध्ये लोकांसाठी उघडली. जाणार असाल तर पावसाळ्यात जा, थोराला पानं तेव्हाच फुटतात. आणि किल्ल्याच्या आधी, सकाळीच जा. दुपारी त्या खडकावर पाय ठरत नाही.