छतावर पॅनल, म्हणजे घरबसल्या कमाई?

‘पॅनल बसवा, जास्तीची वीज विका आणि दरमहा पैसे कमवा,’ असं सांगणारे विक्रेते हल्ली गल्लोगल्ली भेटतात. महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकाला असे महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत नाहीत. दुपारी घरात खपत नाही ती वीज बाहेर जाते, नेट मीटर तिची नोंद ठेवतो आणि बाहेरून घेतलेल्या युनिटांतून ती युनिटं वजा होऊन बिल येतं. शिल्लक राहिलीच, तर पुढच्या महिन्यात जमा. देवाणघेवाण युनिटांची होते, पैशांची नाही. आणि खरा फायदा त्यातच आहे, कारण युनिटं कमी होतात ती आधी वरच्या, महागड्या स्लॅबमधून.

मग विकली जाते ती वीज कोणती? आर्थिक वर्ष संपताना, ३१ मार्चला, खात्यात पडून राहिलेली. ती वीज कंपनी राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलपासून पाटी कोरी. हा दर आपण वीज घेतो त्या दराच्या मानाने बराच कमी असतो. त्यातही तारीख गैरसोयीची: थंडीत ऊन स्वच्छ आणि पंखे बंद, म्हणून शिल्लक साचत जाते, आणि ऐन कूलर-एसी लावायच्या दिवसांत ती हातची जाते.

म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवणं माझ्या मते शुद्ध तोट्याचा व्यवहार. १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिटं देतो, म्हणजे महिन्याला साधारण १२०. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. महिना ३०० युनिटं लागणाऱ्या घराला ३ किलोवॉट पुरे. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदानही तिथेच थांबतं: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. पाच किलोवॉट बसवले तरी तेवढेच. योजनेच्या पूर्ण नावात ‘मुफ्त’ असलं तरी संच फुकट मिळत नाही. तो सुरू झाल्यावर अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं.

बिल शून्यावर येईल, हेही अर्धसत्य. एकही युनिट आकारलं गेलं नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लाइट गेल्यावर. भर दुपारी ऊन कडकडीत, पॅनल छतावर चकाकताहेत आणि घरातला पंखा मात्र बंद! हा बिघाड नव्हे. बाहेरचा पुरवठा गेला की पॅनलला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तो चालू राहिला तर आपल्या छतावरची वीज तारांत उतरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत बरीच वाढते.

‘आमच्याकडे पंचेचाळीस अंश, म्हणजे वीज भरपूर,’ असं विदर्भात हमखास ऐकू येतं. पण पॅनलला हवा असतो उजेड. उष्णता त्याला मानवत नाही. पॅनलची क्षमता मोजतात ती २५ अंशांना. मे महिन्यात तो ६० अंशांपर्यंत तापला की उत्पादन दहा-बारा टक्क्यांनी घटतं. पॅनल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळायला जागा ठेवतात ती यासाठीसुद्धा.

दरपत्रकावर सही करण्याआधी वर्षभराची बिलं एकत्र काढा आणि सकाळी नऊला, दुपारी तीनला स्वतः गच्चीवर जाऊन पाहा. पाण्याच्या टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर पोचते? डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा ती आणखी लांबते. ही पाहणी विक्रेत्यावर सोपवू नका.