पाऊल, चढण आणि नाडी

पहाटे योगेश्वरी देवीच्या दर्शनाला पायी जाणे हा अंबाजोगाईतील अनेक ज्येष्ठांचा नेम असतो. सपाट रस्त्यावर श्वास संथ असतो. बालाघाटच्या कुशीतील या गावात चढ लागला, की मात्र छातीतील धडधड आपली आपल्याला ऐकू येते. ही धडधड म्हणजे आजार नव्हे. कष्ट करणाऱ्या स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो आणि तो पोहोचविण्यासाठी हृदय आपली गती वाढविते. मात्र ही वाढ प्रत्येक व्यायामात सारखी नसते.

विश्रांतीच्या वेळी प्रौढांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारणतः ६० ते १०० असतात. २२० मधून वय वजा केले, की कमाल गतीचा ढोबळ अंदाज येतो. सत्तरीतील व्यक्तीसाठी हा आकडा १५० होतो. मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ७५ ते १०५ ठोके अपेक्षित असतात.

चालणे आणि चढणे

सपाटीवर चालताना ठोके हळूहळू वाढतात आणि काही मिनिटांत स्थिरावतात; म्हणूनच ज्येष्ठांसाठी चालणे हा सर्वांत भरवशाचा व्यायाम आहे. चढावर किंवा पायऱ्यांवर शरीराचा सारा भार वर उचलावा लागतो, त्यामुळे ठोके झपाट्याने वाढतात. जेथे जाताना उतार आणि येताना चढ असतो, तेथे विशेष जपावे. खरे कष्ट थकल्यावर वाट्याला येतात. उन्हाळ्यात तर तेवढ्याच चालण्याला हृदय अधिक धावते.

भार उचलणे

भरलेली घागर उचलताना किंवा जड कपाट सरकविताना ठोके फारसे वाढत नाहीत, पण रक्तदाब एकाएकी चढतो. श्वास रोखून जोर लावल्यास धोका वाढतो. हलकी वजने वापरावीत आणि जोर लावताना श्वास सोडावा.

योग आणि श्वसन

संथ, दीर्घ श्वसनाने ठोके मंदावतात. कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या वेगवान क्रिया मात्र हृदयाला विश्रांती देत नाहीत. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी त्या व कुंभक वैद्यकीय सल्ल्याविना करू नयेत.

आकडा फसवितो तेव्हा

घरातील काळजीवाहकांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या ठोक्यांची गती रोखून धरतात. अशा गोळ्या घेणारे वडील धापा टाकत असतील, तरी मनगटावरील घड्याळ ८५ ठोकेच दाखवू शकेल. तो आकडा पाहून ‘अजून दोन फेऱ्या मारा’ असा आग्रह धरणे घातक ठरू शकते. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी पाहावी: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका श्रम योग्य. वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा.

नाडी पाहण्यासाठी अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. ठोके अनियमित वाटल्यास पूर्ण मिनिट मोजून डॉक्टरांना सांगावे.

व्यायाम एकदम थांबवू नये. रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ म्हणून वाट पाहू नये. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे वेळेत पोहोचणे आपल्या हाती असते.

उद्या सकाळी निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा आपली नाडी पाहा, वहीत टिपून ठेवा. महिन्याभराची ती नोंद पुढच्या तपासणीत डॉक्टरांना मोलाची ठरेल.